विरळ हवेचा नियम

माझे दहाही वायसर पहिल्याच वाक्यात संपले. मिस्त्रीनं त्या लोखंडी चकत्या गोळा करून डब्यात टाकल्या आणि जाहीर केलं की पोस्टमनचा दम संपला, आता पुढच्या फेरीपर्यंत तोंड बंद.

पोस्टमन म्हणजे मी. मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करतो. दर रविवारी दुपारी त्याच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघं खेळतो: तो, त्याची थोरली बहीण, कंपाउंडर आणि मी. मिस्त्री गोष्ट सांगतो, आम्ही त्यातली माणसं होतो आणि अडलं की फासा टाकतो. नियमांचं पुस्तक जुनं, तलवारी, गुहा आणि जादूगारांचं. मिस्त्रीला मात्र लहानपणी रद्दीतल्या मासिकांत वाचलेला ग्रह हवा होता. तांबडं आकाश, आटलेले समुद्र, उडती गलबतं, कैदेतली राणी. म्हणून वर्षभर तो जुने नियम उसवून वहीत नवे लिहीत होता. चिलखत काढलं, कारण वाळवंटात पोलादात कोण शिजत बसणार? जादूलाही नारळ दिला. तिथं वजन कमी भरतं, म्हणून एका उडीत दोन मजले.

मध्येच ताईला अर्धांगाचा झटका आला. बसस्थानकावर तीस वर्षं गाड्यांची घोषणा करणारी ताई, आमची सेनापती. हातपाय बरेचसे सुधारले, पण एकेक शब्द विहिरीतून ओढल्यासारखा काढावा लागे. दोन रविवार ती खेळायला बसली. ती पहिला शब्द जुळवत असतानाच मी शहाणा तिचं वाक्य पुरं करून मोकळा व्हायचो. मला वाटायचं, मदत करतोय. तिसऱ्या रविवारी ती आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही. पुढे दोन महिने नाही. मिस्त्रीनं मला बोल लावला नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

मग त्यानं हा नियम काढला. ग्रहावर हवा विरळ, म्हणून एका फेरीला दहा वायसर, एका शब्दाला एक. दुसऱ्याच्या पाळीत तोंड घातलंत तर दंड. न वापरलेला दम साठवायचा आणि वेळ आली की फाशाच्या आकड्यात मिळवायचा. वही घेऊन तो आत गेला. दार उघडंच होतं.

"माझ्या... साठी?" ताईचा आवाज आला.

"हवा विरळ आहे ताई, त्याला मी काय करू? तुलाही दहाच मिळणार."

मग तिच्या काठीचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

तर त्या दिवशी राणी आमच्या गलबतावर होती, पण गलबत साखळीनं बुरुजाला जखडलेलं. साखळीवरून पहारेकरी चढत होते. कंपाउंडर बाण मारून थकला. मी शत्रूला दरडावण्यात फेरीमागून फेरी दम घालवला. ताई तीन फेऱ्या नुसती बघत होती. तिच्यापुढे वायसरांची चळत उभी राहिली होती.

चौथ्या फेरीला तिचे ओठ हलू लागले. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. मी जीभ दातांखाली धरली. कोणीच घाई केली नाही.

"साखळी... तोडा."

मिस्त्री म्हणाला, साखळी मनगटाएवढी जाड आहे, नुसत्या फाशानं तुटायची नाही. ताईनं अधू हातानं अख्खी चळत पुढे सरकवली. फासा पडला दोनच. पण दम मोजून होईस्तोवर कंपाउंडर उठून उभा राहिला होता. साखळी तुटली, पहारेकरी वाळूत, राणी आकाशात. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

ताईनं मात्र खुणेनं मिस्त्रीची वही मागितली. नियमाचं पान काढून 'दहा' खोडलं. मिस्त्रीनं विचारलं, एवढ्यात भागत नाही का? तिनं पेन्सिलीचं टोक माझ्याकडे रोखलं.

"दहा... फार होतात."

मग ती वहीवर वाकली. 'सहा' लिहायला तिला बराच वेळ लागला. आम्ही तिघंही गप्प बसून थांबलो.