थोरलीच्या पाठीवर

सिबिरीची पोटरी चौथ्या दिवशीही ठणकत होती, आणि तलातोने नेमका आजचाच दिवस काढला होता.

तलातो त्याची धाकटी बहीण. तिला आबिदजानला दिलेली. सात वर्षांनी नवरा आणि लेक घेऊन माहेरी आली होती. वागादुगूचा बाजार बघून झाला, संग्रहालय झालं, आता गावचं मगरींचं तळं राहिलं होतं. राजधानीत आलेला परका माणूससुद्धा गाडी करून इथे येतो, कोंबडीचं पिल्लू विकत घेतो, मगरीच्या पाठीवर बसून फोटो काढतो. मग गावच्या लेकीची लेक न बसता कशी परत जाईल? त्यात पाहुण्यांना बसवणारा तिचा सख्खा मामा. बावीस वर्षं सिबिरीने दुसरं काही केलंच नव्हतं.

चार दिवसांपूर्वी पाहुणे गेल्यावर थोरलीने, म्हणजे तळ्यातल्या सगळ्यात मोठ्या मगरीने, पुढ्यातलं पिल्लू सोडून त्याचा पाय धरला. तो कसा सुटला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. बायकोला सांगितलं, मोटरसायकलवरून पडलो. खरं सांगायची सोयच नव्हती. या मगरी म्हणजे गावातली गेलेली माणसं. मगर मेली तर तिला पांढऱ्या कापडात गुंडाळून माणसासारखं पुरतात. गावच्या माणसाला त्या चावत नाहीत. चावल्याच, तर त्या माणसाने नक्की काहीतरी केलेलं असतं. लहानपणी सिबिरीने मगर चावलेल्या गोआमाचे हाल पाहिले होते. गोआमाने काय पाप केलं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, पण त्याच्या हातची ज्वारीची दारू पुन्हा कुणी प्यायलं नाही. वर्षाच्या आत तो गाव सोडून गेला.

आपण काय केलं ते सिबिरी चार दिवस आठवत होता. एक आठवायला बसावं तर दहा आठवत होती, आणि त्यानेच त्याची झोप उडाली होती.

"आज नको गं," तो काठावर बहिणीला म्हणाला. "थोरली अंडी घालायला बसलीय. तिला छेडू नये."

तळ्याचे पुजारी, म्हातारे बिला, झाडाखाली बसले होते. ते खोकेपर्यंत हसले. "अंडी? या वयात? माझ्या म्हातारीच्या कानावर घालू नकोस रे बाबा, तिलाही हुरूप यायचा!"

तलातोचा नवरा टोए सामो जमातीचा, सिबिरी मोसी. सामोंनी मोसींची आणि मोसींनी सामोंची टर उडवायची, हा दोघांचा पिढीजात हक्क. "काय मेहुणे, सख्ख्या आजीला घाबरलात? तरी मी हिला सांगत होतो, मोसी माणूस फक्त ताटापुढे शूर."

"गप रे, कुत्र्याची मुंडकी खाणाऱ्या," सिबिरी म्हणाला. एरवी त्याने हे तासभर चालवलं असतं. आज त्याने ते तिथेच सोडलं.

थोरली पाण्याकाठच्या चिखलात आडवी पसरली होती, जबडा उघडा टाकून. दुसरी सबब सुचेना, तेव्हा सिबिरी माय-लेकींना शेपटीकडून वळसा घालून पाण्याच्या बाजूला घेऊन गेला. एका हातात लांब काठी, काठीच्या टोकाला बांधलेलं पिल्लू मगरीच्या तोंडापुढे. दुसऱ्या हातात सहा वर्षांच्या नोपोकोचा घामेजलेला पंजा.

"मामा, ती चावते?"

"गावच्या माणसाला नाही गं," तलातोनेच उत्तर दिलं. "तू कुणाची? माझी ना? मग झालं तर."

"आणि मामा आहेच," नोपोको म्हणाली आणि तिने एक पाय उचलला.

पिल्लू थोरलीच्या नाकासमोर फडफडत होतं. थोरलीने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिचा डोळा सावकाश मागे फिरला आणि सिबिरीच्या पायावर थांबला.  काठी त्याच्या हातून चिखलात पडली.

"बसवू नका तिला!" तो ओरडला. त्याने पोरीला मागे खेचलं, आणि आता लपवून ठेवण्यासारखं काहीच उरलं नाही म्हणून विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढला. दातांच्या काळ्यानिळ्या जखमा सगळ्यांना दिसल्या. "मला धरलं हिने. चार दिवस झाले. मी कुणाला बोललो नाही."

 बिला उठून उभे राहिले.

तलातोने लेकीला ओढून पोटाशी धरलं. सिबिरीला वाटलं, सुटलो. "इकडून ये, शेपटीकडून," तो हात पुढे करून म्हणाला. "हळूहळू ये."

तलातोने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. ती एक पाऊल मागे सरली. तिथून बाहेर पडायला दोनच वाटा होत्या: एक शेपटीकडची, जिथे तिचा भाऊ उभा होता, आणि दुसरी मगरीच्या तोंडापुढून. तिने मुलीला कडेवर घेतलं आणि तोंडाकडे निघाली.

"तलातो! वेड लागलंय का तुला? इकडून ये!"

ती थांबली नाही. नोपोकोचे पाय त्या उघड्या जबड्यापासून हातभर अंतरावर लोंबकळत होते. सिबिरीला धावून जावंसं वाटलं, पण तो धावला तर थोरली उसळेल, म्हणून तो दात आवळून उभा राहिला. थोरलीने मान हलवली नाही. माय-लेकी तिच्या नाकापुढून पलीकडे पोचल्या.

भाची वाचली म्हणून सिबिरीला रडूच फुटलं. डोळे पुसून त्याने वर पाहिलं. थोरलीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बिला, टोए आणि तलातो, तिघेही त्याच्याकडेच बघत होते, आणि तलातोने नोपोकोला आपल्या पाठीमागे लपवलं होतं.