हाजींचा कान

आमच्या लासानाला मी आधीच बजावलं होतं, "लास्या, निवडणुकीला उभा राहतोयस खरा, पण हाजी तुंकारा बाहेर खुर्ची टाकून बसले ना, की तुला मत द्यायची कुणाची छाती होणार नाही."

लासाना माझा चुलतभाऊ. वॉर्डाच्या जागेला उभा राहिलेला आमच्यातला पहिलाच. आमच्यातला म्हणजे, ज्यांचे पणजोबा हाजींच्या पणजोबांचे गुलाम होते त्यांच्यातला. आता कुणी कुणाचा गुलाम नाही, रेडिओवर सांगतात तसं. पण हाजींच्या घरी लग्न निघालं की बकरे सोलायला आम्ही, भाताची पातेली उतरवायला आम्ही. आणि आम्ही कसतो ते भुईमुगाचं शेतही त्यांचंच. ते काढून घेतलं तर खायचं काय, माती? लासानासमोर उभा होता हाजींचा मुलगा सालू.

आमच्या गांबियात मत म्हणजे काचेची गोटी. पडद्याआड दोन ड्रम. सालूचा निळा, लासानाचा पांढरा. नळीतून गोटी टाकली की आत घंटा वाजते आणि बाहेरच्यांना कळतं की झालं हिचं मत. मतदानाच्या दिवशी सायकलसुद्धा जवळ आणू देत नाहीत, उगाच तिच्या घंटीचा घोटाळा नको.

सकाळी मतदानाच्या साहेबांनी ड्रम रिकामे करून दाखवले तेव्हा हाजींनी दोन्ही घंटा वाजवून बघितल्या. डोळे मिटून मान डोलावली. "निळ्याची जाड, पांढऱ्याची बारीक. आता मला पडदा असला काय, नसला काय." एवढं बोलून शाळेसमोरच्या आंब्याखाली खुर्ची टाकून बसले.

पहिला आत गेला लासाना. टण्ण! तो बाहेर आला तसे हाजी मोठ्यानं हसले. "बारीक! वाजणारच. तू कशाला निळ्यात टाकशील?"

लासानाचा चेहरा पांढराफटक. शाळेच्या भिंतीला टेकून उभा राहिला. रांगेत मात्र कुजबुज सुरू झाली. अरे बापरे, म्हाताऱ्याला खरंच कळतंय!

मीही कान टवकारले. टण्ण. जाड होती की बारीक? पुन्हा टण्ण. मला मेल्या सगळ्या सारख्याच! नवऱ्याला विचारलं, "अहो, तुम्हाला फरक कळतो?"

"कळतो की."

"मग आता वाजली ती कुठली?"

"जाड."

"बारीक होती," पुढची बाई म्हणाली.

"गप उभ्या राहा दोघी," नवरा खेकसला. तो आत जाऊन आला. हाजी त्याला शाबास म्हणाले.

माझी पाळी आली. बोटाला शाई लागली, हातात गोटी आली. पडद्याआड गेले तर डोक्यात नुसता गोंधळ. निळ्यात टाकावी तर लास्याचं तोंड डोळ्यासमोर, पांढऱ्यात टाकावी तर शेत. साहेब बाहेरून ओरडले, "बाई, झोपलात का?" मी दचकले आणि गोटी पांढऱ्यात गेली. माझ्या हातानं गेली की मनानं, तेच कळेना.

मी बाहेर आले. हाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "शाबास, दियाबा! जाड वाजली. शेत नीट पेरा यंदा."

मी चक्रावलेच. थट्टा करतायत का? की माझीच नजर फिरली आणि गोटी निळ्यात पडली? मान खाली घालून घरी गेले. दिवसभर चुलीवरचं कालवण करपलं तरी पत्ता नाही.

संध्याकाळी शाळेत गोट्या मोजल्या. भोकाभोकांच्या फळ्यांवर निळ्या ड्रममधल्या गोट्या मावेनात. पांढरा ड्रम उपडा केला, तर एक गोटी बाहेर आली. एकच.

"ती माझी!" लासाना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. लोक हसले. स्वतःचं मत स्वतःलाच, त्यात काय?

मग माझी कुठे गेली?

सकाळी उठून त्याच्या दारात गेले. तो चहा उकळत बसला होता.

"लास्या, मी गोटी पांढऱ्यात टाकली होती."

त्याचा हात थांबला. "तू?"

"हो. मग तुझी कुठे गेली?"

त्यानं किटली खाली उतरवली. "आई त्यांच्याच अंगणात राहते, अक्का. वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू गेलं तर तिला बाहेर काढतील."

"म्हणजे तू निळ्यात... अरे, पण ते तर बारीक वाजली म्हणाले!"

"हो ना."

"म्हणजे म्हाताऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही, हे तुला पहिल्या गोटीलाच कळलं होतं! अख्खी रांग उभी होती, लास्या. भिऊन थरथरत होती. ओरडून सांगायचं नाहीस?"

"काय सांगू?" तो म्हणाला. "मी निळ्यात टाकली, म्हणून?"