दोर आधी सेक्रेटरींच्या कमरेला

कोथरूडच्या त्या सोसायटीत नियम पुष्कळ होते. पाळायचे मात्र इतरांनी. रविवारी सकाळी पार्किंगवर झुकलेली वाळकी फांदी उतरवायची होती. महापालिकेची परवानगी आली होती, झाडावर चढणारे संभाजी बावधनहून आले होते. सेफ्टी बेल्ट तेवढा कोणी मागवला नव्हता. सेक्रेटरी श्रीधर देवस्थळी स्वतःच संभाजींच्या कमरेला नायलॉनचा दोर बांधू लागले. गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी एक.

"थांबा!" पहिल्या मजल्यावरच्या आम्रपाली गायकवाड खाली आल्या. खडकीच्या कारखान्याच्या सुरक्षा विभागातून त्या निवृत्त झाल्या होत्या. "ही कोणती गाठ?"

"मजबूत गाठ. दहा मिनिटांचं तर काम आहे, मॅडम."

"पडायला तेवढीही लागत नाहीत."

"असू द्या, ताई," संभाजी म्हणाले. "समदीकडं असंच हाय."

"म्हणूनच अडवतेय. श्रीधरराव, आधी आपण लटकून दाखवा."

चारचौघांसमोर नाही कसं म्हणणार? तोच दोर, त्याच गाठी. दुसरं टोक खालच्या फांदीला बांधलं. श्रीधररावांनी पाय उचलले मात्र, गाठ सरकली आणि फास पोटात रुतला!

"अहो, सोडा! श्वास कोंडतोय!"

पाय टेकले, तरी गाठ सुटेना. शेवटी दोर कापावा लागला.

"घाई नको हं," गॅलरीतून त्यांच्या पत्नी शेफाली म्हणाल्या, "पोट जरा आत जातंय!"

सगळे हसले. श्रीधरराव हसले नाहीत. ते संभाजींकडे बघत होते. "आणि मी यांना एवढ्या उंचावर पाठवत होतो!"

बेल्ट येईपर्यंत काम थांबलं. तोवर आम्रपालीताईंनी श्रीधररावांना फांदी खाली सोडण्यासाठी तिला बांधायची गाठ शिकवली. दोराचं लहान कडं करायचं. टोक त्यातून वर काढून मुख्य दोरामागून फिरवायचं आणि पुन्हा कड्यातून खाली न्यायचं. "हा फास भार आला तरी आवळत नाही, आणि काम झालं की सुटतो."

दुपारी बेल्ट घालून संभाजी वर चढले. श्रीधररावांनी खालून बांधून दिलेला फास त्यांनी फांदीत अडकवला, फांदी कापली आणि ती दोरावरून अलगद खाली आली. श्रीधररावांची गाठ नुसत्या बोटांनी सुटली.

"साहेब, पुढल्या बारीला बी तुम्हीच बांधा," संभाजी म्हणाले.

"बांधतो. पण आधी माझ्या पोटावर तपासून!"

नागरिकहो, आपल्या कामासाठी दुसरा माणूस उंचावर चढतो, तेव्हा 'चालतंय' म्हणण्याचा हक्क आपल्याला नसतो. जो दोर स्वतःच्या कमरेला नको वाटतो, तो दुसऱ्याच्या कमरेला बांधू नये.