चाळीस हात

आखातातल्या ऑफिसात फेलिक्सने फॅक्सचा कागद टेबलावर सपाट केला. कडा वळत होत्या, म्हणून वर स्टेपलर ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. वसईहून इसाबेल होती, त्याची मोठी बहीण.

"पुरातत्त्व खात्याची नोटीस वाचलीस? उद्या मुदत संपते. हरकत घेतली नाहीस तर वाडीतला आपला क्रूस खरवडतील."

"खरवडू दे, बाय. चुन्याखाली नक्षी आहे म्हणतात."

"आणि मग? हार नाही, मेणबत्ती नाही, बोर्ड वाचत लांब उभं राहायचं. बाबांचा शेवटचा हात आहे रे त्यावर." ती थांबली. "मातीला आला नाहीस. हरकतीला तरी ये."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

आठ महिन्यांपूर्वी याच टेबलावर बाबा गेल्याचं कळलं होतं. तेव्हा त्याने रास अल खैमाहून येणाऱ्या टाइल्सची यादी पुरी केली होती. रडू आलं नव्हतं. अजूनही नाही. शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साला गायन सुरू झालं की तो नुसते ओठ हलवायचा.

"क्या हुआ, हबीबी? प्रॉपर्टी का लफडा?" पलीकडच्या टेबलावरून यूनुसने विचारलं.

"नहीं. चूना."

"किसने लगाया?" यूनुस हसला.

फेलिक्सने पुन्हा नोटीस वाचली. 'मध्ययुगीन पाषाणक्रूस. अज्ञात इसमांनी वेळोवेळी चुना फासल्याने विद्रूप. चुन्याचे सुमारे चाळीस थर.'

दर ईस्टरच्या आधी बाबा क्रूसासमोर उभं राहून ख्रिस्ताच्या कीर्तनातलं एक कडवं गायचे, मगच कुंचला बादलीत बुडवायचे. बादली फेलिक्स धरायचा. वर्षाला एक हात.

खाली हरकतीसाठी रकाना होता. त्याने पेन उघडलं.

'काम करण्यास हरकत नाही. मजकुरास आहे. इसम अज्ञात नाही. पास्कोल अंतोन रुमाव, राहणार याच वाडीत. फासला नाही, लावला. चाळीस थर नव्हेत, चाळीस हात.'

त्याने सही केली आणि कागद मशीनमध्ये सरकवला.

"खलास?" यूनुसने विचारलं.

कागद सावकाश आत जात होता आणि फेलिक्स त्याच्याकडे बघत हलक्या आवाजात काहीतरी गात होता. मधला एक शब्द आठवेना. तो मागे गेला, कडवं पहिल्यापासून धरलं.

यूनुसने हात लांब करून रेडिओ बारीक केला.