खंडेनवमीचं कुंकू

सरकारी वकिलांच्या ऑफिसात नानासो चोवीस वर्षं कागद सांभाळत होते, आणि एवढ्या वर्षांत आपल्या हातून एक कागद खराब झाला नाही, असं ते भेटेल त्याला सांगत. दुसरं कुणी सांगत नव्हतं, म्हणून त्यांनाच सांगावं लागायचं. काम तसं साधं. पोलिसांकडून केसचे कागद तपासणीला आले की वहीत नोंद करायची, पानांवर नंबर टाकायचे, वकील मॅडमनी नजर घातली की लाल फीत बांधून कोर्टात धाडायचे. पण घरी आले आणि विश्रामबागेतल्या कट्ट्यावर बसले की नानासो म्हणायचे, "आमी खुनाच्या केसेस बघतो." बघायचेच की हो! कपाटात रचलेल्या.

साक्षीदारांना उपदेश करायची तर त्यांना भारी हौस. बिचारी माणसं कोर्टाच्या व्हरांड्यात आधीच थरथरत बसलेली, त्यात हे जाऊन उभे. "खरं सांगायचं, पण विचारलं तेवढंच. ताठ उभं राहायचं. आणि घाम पुसायचा न्हाई बरं का, घाम पुसला की जज्जसाहेबांना शंका येती." स्वतः जन्मात कधी पिंजऱ्यात उभे राहिले नव्हते, पण तोरा असा की जणू पिंजरा त्यांनीच बांधून दिलाय.

तर त्या साली खंडेनवमी आली. त्या दिवशी सगळीकडं हत्यारांची पूजा असते, आणि या ऑफिसचं हत्यार म्हणजे कागद. संगणकाला हार घातला, शिक्क्यांना हळद लावली, पंचिंग मशीनवर झेंडूचं फूल ठेवलं. पाटावर मधोमध एखादी केस मांडायची, ही नानासोंची स्वतःची पद्धत. गठ्ठ्यात वर होती ती उचलली. ती अंबूबाईची निघाली.

अंबूबाई शिराळ्याकडची. नवरा गेलेला, पोरगा फौजेत. बांधावरून कुरापत काढून पुतण्यानं, जयराजनं, काठीनं तिचा उजवा हात मोडला होता. दवाखान्यात पडल्या पडल्या तिनं पोलिसांना फिर्याद सांगितली आणि खाली डाव्या हाताचा अंगठा उठवला. तोच कागद पाटावर सगळ्यात वर होता.

नानासोंनी शिपायाच्या हातात मोबाईल दिला. "थांब, पोट आत घेतो. हां, आता काढ." बोटावर कुंकू घेतलं, तोंड कॅमेऱ्याकडं केलं आणि हसत हसत बोट कागदावर टेकवलं. फोटो ऑफिसच्या ग्रुपवर पडला. सगळ्यांनी हात जोडले. पेढे संपले, फाईल बांधली, कोर्टात गेली.

दोन वर्षांनी केस उभी राहिली. गावातले दोन साक्षीदार होते, ते सरळ फिरले. "आमी तितं नव्हतोच," म्हणाले. जयराजचा गावात दबदबाच तसा. आता उरलं होतं ते अंबूबाईचं तोंड आणि तिची ती फिर्याद. आरोपीच्या वकिलांनी नेमका तो कागद वर धरला.

"अंगठ्यावर हा लाल डाग कसला? ठसा धड दिसत नाही. दुसऱ्याच कुणाचा तरी अंगठा घेऊन वर रंग फासलाय. ही फिर्याद या बाईची नाहीच. म्हातारीला पढवून उभी केलीय."

जज्जसाहेबांनी खुलाशासाठी आठ दिवसांची मुदत दिली. सरकारी वकील मयूरी मॅडम तणतणत ऑफिसात आल्या आणि त्या कागदाची रंगीत प्रत नानासोंच्या टेबलावर ठेवली. "नानासो, हे काय असेल हो? हा कागद गेला तर केसच गेली. जयराज सुटला समजा."

नानासोंनी डाग बघितला आणि प्रत हळूच पालथी घातली. स्वतःचं बोट माणूस ओळखणार नाही होय?

"बघतो, मॅडम," एवढंच म्हणाले. मग चहाच्या निमित्तानं बाहेर सटकले. डोक्यात हिशेब सुरू. कुणाला काय ठाऊक? ग्रुपवरचा दोन वर्षांपूर्वीचा फोटो आता कोण उकरून बघतंय? पोलिसांवर ढकललं जाईल, नाहीतर दवाखान्यावर. आपल्या रिटायरमेंटला तीन वर्षं राहिलीत. गप बसावं. चोवीस वर्षं गप बसूनच तर नोकरी केली.

व्हरांड्यात बाकड्यावर अंबूबाई बसली होती. वाकडा बसलेला उजवा हात मांडीवर ठेवलेला.

"आवं सायेब," तिनं हाक मारली, "माज्या हातनंच चुकलं वाटतं. उजव्या हाताला पलास्टर हुतं, म्हून डावा अंगठा दिला. नीट उटला नसंल. पोराला फोनवर काय सांगू? म्हन्ला हुता, आये, कोरटात तुजं खरं हुईल बग."

नानासोंना स्वतःची लाज वाटली. हिनं मार खाल्ला, हात घालवला, आणि आता आपल्या कुंकवाचं पापही हीच अंगावर घेतेय. चहा तसाच टाकून ते माघारी फिरले, मॅडमच्या केबिनमध्ये शिरले आणि मोबाईलमधला तो फोटो उघडून त्यांच्यापुढं धरला.

मॅडमनी फोटो बघितला. मग नानासोंकडं बघितलं. "उद्या साक्षीदार म्हणून अर्ज देते तुमचा," त्या म्हणाल्या. "आणि हसू येतंय, पण मी हसणार नाही."

नानासो पिंजऱ्यात उभे राहिले ते वाकून. शपथ घेऊन होईपर्यंत तीन वेळा घाम पुसला. विचारलं एक की सांगायचे दहा. जज्जसाहेब दोनदा म्हणाले, "विचारलंय तेवढंच सांगा." मागं व्हरांड्यातले जुने साक्षीदार खिदळत असल्याचा त्यांना भास झाला.

"सरकारी कागदाला कुंकू?" आरोपीच्या वकिलांनी विचारलं.

"खंडेनवमी होती, साहेब."

"मग नेमकं अंगठ्यावरच?"

"वरच्या बाजूला पोलीस ठाण्याचा शिक्का होता. शिक्का झाकणं बरं न्हवं, म्हणून खाली लावलं."

"खाली अंगठा आहे, हे दिसलं नाही तुम्हाला?"

नानासोंनी रुमाल पुन्हा काढला. चष्मा नव्हता म्हणावं, अंधार होता म्हणावं, बरंच काही सुचत होतं.

"बघितलंच न्हाई, साहेब. मी कॅमेऱ्याकडं बघत हुतो. फोटो काढून घेत हुतो. पोट बी आत घेतलं हुतं."

कोर्ट हसलं. पट्टेवाल्यानं तोंडावर हात धरला. "तुम्ही सरकारी नोकर, केस वाचवायला खोटं बोलताय," वकील ओरडले. मग तो फोटो कोर्टाच्या संगणकावरून भिंतीवरच्या पडद्यावर मोठा केला गेला. तारीख, वेळ, पाट, झेंडू, आणि बोट टेकायच्या आधीच्या क्षणी अंबूबाईचा निळा अंगठा, स्वच्छ. आणि वर नानासोंचं हसरं तोंड, अख्ख्या भिंतीएवढं. नानासोंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

निकाल महिन्याभरानं लागला. जयराजला शिक्षा झाली. नानासोंना मेमो मिळाला आणि पाठोपाठ साताऱ्याला बदली. सामान आवरत होते तेव्हा अंबूबाई निकालाची प्रत घेऊन दारात आली.

"वाचून दाकवा. माजं काय ल्हिलंय?"

नानासोंनी पान काढलं. "फिर्यादीची साक्ष सुसंगत असून तिच्यावर अविश्वास दाखवण्यास कोणतेही कारण नाही."

"म्हंजी?"

"तुमी खरं बोलला, असं कोर्टानं म्हटलंय."

"पुन्यांदा वाचा."

त्यांनी वाचलं. तिनं आणखी एकदा वाचायला लावलं. गावात दोन वर्षं तिला खोटारडी म्हणत होते, पाणवठ्यावर, देवळात, लग्नात. आता ती निकाल ऐकत राहिली. मग म्हणाली, "आनि तुमचं काय ल्हिलंय?"

बाईला वाचता येत नव्हतं. मनाला येईल ते सांगता आलं असतं. पण त्यांनी पान उलटलं आणि जसं होतं तसं वाचलं: "साक्षीदार क्रमांक सात याचे वर्तन हास्यास्पद आहे. तथापि भर कोर्टात स्वतःचे असे हसे करून घेणारा माणूस खोटे बोलत आहे, असे या न्यायालयास वाटत नाही."

आता ही पण हसणार, म्हणून नानासो आधीच ओशाळं हसून बसले. अंबूबाई हसली नाही.

"आवं, म्हंजी तुमचंबी खरंच म्हटलंय की," ती म्हणाली. "ते पुन्यांदा वाचा."