सत्यवती कुणाशी बोलते

तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला खाडीत उतरलेली सत्यवती भरतीच्या पाण्यात वाहून गेली. त्यानंतर गणपती येऊन गेले, तरी शाळेच्या गोलात मुलं तिची जागा मोकळी सोडून बसत. तसं सांगितलं नव्हतं कुणीच.

खाडीकाठच्या त्या लहानशा शाळेत सकाळ बोलण्याने सुरू व्हायची. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, पटलं नाही तर विचारायचं. शिक्षिका शर्मिलाने मुलांना नियम एकच घातला होता: खरं वाटतं तेच बोलायचं.

एके सकाळी देवेश म्हणाला, "ताई, सत्यवती माझ्याशी बोलता. थंय, विहिरीकडे."

"माझ्याशी पण," संचिता म्हणाली. "थंडी वाजता म्हणता."

मग ज्याला त्याला ती ऐकू येऊ लागली. भुतंबितं नसतात असं म्हणून शर्मिलाला विषय मिटवता आला असता. पण मग मुलं तेच एकमेकांच्या कानात बोलली असती. तिने विचारलं, "आणखी काय म्हणते?"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "माझ्याशी कित्याक बोलणा नाय ता?"

सत्यवतीची आई, शेवंती. मुलांची पेज शिजवायला ती यायची; हातात डाव तसाच होता. ती सरळ मोकळ्या जागेत येऊन बसली. "सांगा मरे. माझा चेडू तुमच्याशी बोलता, मगे आपल्या आयेक कित्याक इसारला?"

कुणी वर बघेना. काहीतरी बोलून हे सावरावं असं शर्मिलाला फार वाटलं. ती ओठ मिटून बसून राहिली.

शेवटी संचिता रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, माका काय आयकाक येना नाय. देवेश म्हणालो म्हणान मी पण म्हटलंय. तेची आठवण इली काय माकाच थंडी वाजता."

शेवंती तिच्याकडे बघत राहिली. "मगे काय आठवता ता सांग."

मग एकेक जण सांगू लागला: सत्यवती चावायची. शेजाऱ्यांच्या झाडावरचे रतांबे चोरायची. हरली की खेळ उधळायची. ऐकता ऐकता शेवंती हसली, आणि हसतानाच पदर तोंडात कोंबून रडली. देवेश मात्र मागे हटला नाही. "माका खराच आयकाक येता." त्याला कुणी खोटं पाडलं नाही.

संध्याकाळी मुलं गेल्यावर शर्मिला खिडक्या लावत होती. पडवीत ओली पावलं वाजली, दारापाशी येऊन थांबली. ती बाहेर आली. पडवी कोरडी होती.

हे मुलांना सांगायचं नाही, घाबरतील, असं तिने घरी जाताना ठरवलं. पण सकाळी गोल बसला, देवेशने तिच्याकडे पाहिलं, आणि तिला गप्प राहवेना.

"काल मलाही ऐकू आलं," ती म्हणाली.

संचिता सरकून तिला चिकटून बसली. देवेशने हळूच विचारलं, "ताई, भियालात?"

"हो. खूप."

"मी पण," तो म्हणाला. सत्यवती गेल्यापासून हे त्याने पहिल्यांदाच सांगितलं होतं.