ओठ कमलचे, गाणं कौसल्याबाईंचं

भोईवाड्यातल्या चाळीत त्या रविवारी सकाळी कौसल्याबाई मोरीपाशी कोलंबी सोलत बसल्या होत्या. त्यांचा मुलगा धनेश दारातच घुटमळला. चाळीच्या लोकगीत महोत्सवाचा तो सेक्रेटरी. मंडपवाल्याशी, माईकवाल्याशी तासन्‌तास हुज्जत घालणारा हा गडी. आईपुढे मात्र त्याला शब्द सापडेनात.

"आई, कमिटी म्हणतेय, गौरीचं गाणं तू पडद्याआडून गा. पुढे शेजारची कमलकाकी उभी राहील. ती नुसते ओठ हलवेल."

महोत्सवाची सुरुवात गौरीच्या गाण्याने, आणि ते सवाष्णीनेच म्हणायचं, असा चाळीचा रिवाज. इतकी वर्षं ते कौसल्याबाईच म्हणत. चैत्रात धनेशचे वडील गेले आणि बाईंचा गळा एका दिवसात अशुभ ठरला. पण तो सूर दुसऱ्या कुणाला लागेना. मग आमच्या शहाण्या लोकांनी तोडगा काढला. आवाज विधवेचा घ्यायचा, तोंड सवाष्णीचं दाखवायचं!

"तू काय सांगलंस त्यांका?" कौसल्याबाईंनी विचारलं.

धनेश चपलेत पाय सरकवू लागला. मीटिंगमध्ये त्याने विरोधाचा एक शब्दही काढला नव्हता.

"बरां. तुझो कार्यक्रम बिघडाक नको."

आई रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. दुपारी कोलंबीचं कालवण त्याने ताटात तसंच ठेवलं.

महोत्सवाच्या संध्याकाळी मैदान भरलं. कमल हिरवी साडी नेसून, गजरा माळून, हातात माईक धरून रंगमंचावर उभी राहिली. पडद्यामागे मोडक्या खुर्च्या आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके होते. तिथे धनेशने आईला हात धरून नेलं. स्टूल धुळीने भरलेलं होतं. तिने ते पदराने पुसलं आणि माईक हातात घेतला. धनेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाणं सुरू झालं. "काय गळा आहे गं कमलचा!" पुढच्या रांगेतली बाई म्हणाली आणि टाळ्या पडल्या.

त्या टाळ्या कमलला सोसल्या नाहीत. तिने ओठ मिटले. आवाज मात्र चालूच राहिला. मैदानात कुजबुज झाली, तसा तोही थांबला.

"मला नाय जमत रे धनेश," कमल सगळ्यांदेखत म्हणाली. "माझ्या पोरीच्या बारशाला पाळणा हिनेच म्हटला होता."

"रेकॉर्ड लाव रे, रेकॉर्ड!" अध्यक्ष गंगाधरकाका ओरडले.

धनेशने पुढे येऊन कमलच्या हातातला माईक घेतला. "गातेय ती माझी आई. कमिटीने सांगितलं हे खरं, पण तिला आत नेऊन बसवलं मी." त्याने पडदा बाजूला ओढला. "आई, पुढे ये."

कौसल्याबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मी उठूचंय नाय. हयच बसान गातलंय. माका खंय बसवलंत, तां बघांदेत सगळी."

आणि खोक्यांच्या मधोमध बसून त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. कमल त्यांच्या पायाशी जाऊन बसली. धनेश पडद्याची दोरी धरून उभा होता. गाणं संपलं, पण टाळी वाजवायचा धीर कुणाला झाला नाही.

वाचकहो, संक्रांतीला तुमच्या घरी तिळाचे लाडू कोण वळतं? आणि हळदीकुंकवाच्या बायका आल्या की ती कुठे जाऊन बसते?